जुन्या स्प्रिंगांना भाव कशाचा येतो?

प्रश्न थोडक्यात असा. श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरकडे २०१७ची माझदा एमएक्स-५ आहे. चौथी पिढी, म्हणजे एनडी, दोन लिटर इंजिन आणि कापडी टप. तिला ऐबाख या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीचं प्रो-किट बसवलेलं होतं, म्हणजे गाडी पंचवीस-तीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या चार स्प्रिंगा. २४० युरोला नव्या घेतल्या, २८ हजार किलोमीटर आणि दोन हिवाळे चालल्या. आता कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच बसवायचाय, म्हणून या विकायच्या आहेत. स्प्रिंगा थकल्या असतील का, किती मागावेत, कागद सापडत नाही त्याचं काय करायचं, आणि पुण्यातल्या मित्राच्या पोलोला या बसतील का, हे त्यांना हवंय. शिवाय कुणीतरी दिलेल्या दोन सरळ स्प्रिंगा पडून आहेत. त्यांवर १४०-६०-००८० असा आकडा आहे, तो काय?

आधी भाव सांगतो. चारही स्प्रिंगांवरचा छापील नंबर वाचता येत असेल, टोकाच्या वेटोळ्याला गंजाचे खड्डे नसतील आणि टाइलेगुटआख्टेनची, म्हणजे तो भाग कोणत्या गाडीला चालतो हे सांगणाऱ्या तपासणी-अहवालाची, प्रत सोबत असेल, तर मार्चमध्ये १४० युरो लावा, ११० ते १२५ला जातील. नंबर पुसला गेला असेल तर ५०-६०च्या वर कुणी हात लावणार नाही. पोलाद तेच आणि किलोमीटरही तेवढेच, तरी भाव निम्म्यावर येतो. त्यामुळे किलोमीटरची काळजी कमी करा आणि नंबराची जास्त.

थकण्याबद्दल. "स्प्रिंगा मऊ पडल्या" हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. स्प्रिंगचा कडकपणा चार गोष्टींवर ठरतो: पोलादाचा कर्तन गुणांक (पिळाला पोलाद किती विरोध करतं तो आकडा), तारेची जाडी, वेटोळ्याचा मध्यव्यास आणि कामाच्या वेटोळ्यांची संख्या. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या, त्याला गुणांकाने गुणा, मग मध्यव्यासाचा घन गुणिले वेटोळी गुणिले आठ याने भागा. आलेलं उत्तर म्हणजे न्यूटन प्रति मिलिमीटर. यातलं काहीही २८ हजार किलोमीटरमध्ये बदलत नाही. बदलू शकते ती मोकळी लांबी. सतत दाबाखाली राहून पोलाद अगदी थोडं कायमचं बसतं आणि गाडी दोन-तीन मिलिमीटर खाली येते. चांगले उत्पादक कारखान्यातच स्प्रिंग एकदा पूर्ण दाबून हे बसणं आधीच उरकून घेतात. गाडी मऊ वाटत असेल तर शॉक अॅब्सॉर्बर तपासा. स्प्रिंगा विनाकारण बदनाम होतात.

खरा शत्रू गंज आहे, आणि त्याची जागाही ठरलेली असते. खालच्या बैठकीत टेकणारं शेवटचं पाऊण वेटोळं. तिथे रबर आणि पोलाद यांच्या फटीत वाळू शिरते, प्रत्येक खड्ड्यागणिक ती सॅंडपेपरसारखी घासते, आणि पावडर कोटिंग जातं. मग जर्मन हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ त्या उघड्या जागेवर बसतं. स्प्रिंगच्या तारेवर कारखान्यात बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा केलेला असतो. त्यामुळे पृष्ठभागाच्या पातळ थरात दाबाचा ताण कोंडलेला राहतो आणि तडा सुरू व्हायला सहजी जागा मिळत नाही. गंजाचा खड्डा हा थर भेदून खाली गेला की तडा तिथूनच निघतो. म्हणून जर्मनीत स्प्रिंगा तुटतात त्या बहुतेक टोकालाच, आणि कित्येकदा मालकाला पत्ताच नसतो. ट्यूफच्या, म्हणजे सक्तीच्या वाहन तपासणीच्या, खड्ड्यावर गाडी उभी राहिली की कळतं.

तपासणी अशी करा. टोकावर प्लास्टिकची नळी किंवा रबरी टोपी असेल तर ती काढा. गंज कापडाने आणि लाकडी काडीने पुसा, तारेचा ब्रश नको. मग अंगठ्याचं नख तारेवरून लांबीच्या दिशेने सरकवा. नुसता तांबूस डाग असेल तर नख सरळ घसरत जातं, खड्डा असेल तर अडकतं. नख अडकलं की ती स्प्रिंग विकायची नाही, स्वस्तातही नाही. एक गेली म्हणजे संच गेला. तो वेर्टश्टॉफहोफला, म्हणजे महापालिकेच्या भंगार केंद्रात टाका. टाकण्याआधी रंगाने फुली मारा, नाहीतर तिथून उचलून कुणीतरी पुन्हा जाहिरात टाकेल.

दुसरी चाचणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते. पुढच्या दोघींचं वजन एकमेकींशी जुळायला हवं, मागच्या दोघींचंही. धूळ आणि कोटिंग धरून वीस-तीस ग्रॅमचा फरक चालतो. ११ मिलिमीटर तारेचा दहा सेंटिमीटरचा तुकडा सुमारे ७५ ग्रॅम भरतो. जोडीत एवढी तफावत दिसली तर एका टोकाचा तुकडा पडलेला आहे किंवा कुणीतरी ग्राइंडर लावलेला आहे. तुटकी टोकं कधीकधी इतकी सफाईने तुटतात की डोळ्याला ती मूळचीच वाटतात. काटा मात्र फसत नाही. वजनांचा आकडा जाहिरातीत लिहा. कुणी लिहीत नाही, म्हणूनच तो वाचून जाणकार ग्राहक थांबतो.

मोकळी लांबी मोजताना स्प्रिंग सपाट काचेवर किंवा किचनच्या ओट्यावर उभी करा. गुण्या लावून समोरासमोरच्या दोन जागी मोजा आणि सरासरी घ्या. टोकं घासून सपाट केलेली नसतील तर स्प्रिंग डुगडुगते; अशा वेळी दोघी एकाच पद्धतीने उभ्या करून त्यांची आपसात तुलना करा. जोडीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर त्याचं कारण शोधल्याशिवाय जाहिरात टाकू नका.

तारेची जाडी मोजताना एक चूक हटकून होते. व्हर्नियर कोटिंगवरून लावला जातो. पावडर कोटिंग एका बाजूला साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे व्यासात ०.२ जास्त येतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जाडीचा चौथा घात असतो. खरी तार ११ मिलिमीटर, मध्यव्यास ७१ आणि कामाची वेटोळी पाच धरली तर कडकपणा सुमारे ८१ न्यूटन प्रति मिलिमीटर येतो. तीच तार ११.२ धरली की आकडा ८७वर जातो. म्हणून घरी मोजून काढलेला कडकपणा जाहिरातीत छापू नका. प्रो-किटच्या बाबतीत तर नकोच, कारण त्या प्रोग्रेसिव्ह आहेत. त्यांचा कडकपणा दाबागणिक वाढत जातो आणि एका आकड्यात मावत नाही.

स्प्रिंगा अजून गाडीतच असतील तर काढण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करा. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या काठापर्यंतचं उभं अंतर मोजा आणि टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरचा आकार आणि हवा मध्ये येते, चाकाच्या मध्यापासून मोजल्यावर तो प्रश्न उरत नाही. ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो "किती खाली बसते?" हाच. कंपनीचा आकडा त्याला माहीत असतो. त्याला खऱ्या गाडीवरचा हवा असतो, आणि स्प्रिंगा एकदा निघाल्या की तुम्हालाही तो परत मिळणार नाही. सोबत बाजूने एक फोटो काढा, नंबरप्लेट झाकून.

एनडीला चारही कोपऱ्यांवर स्प्रिंग शॉक अॅब्सॉर्बरवर चढवलेली असते, त्यामुळे काढताना कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, लागतंच. हाताच्या कॉम्प्रेसरवर इम्पॅक्ट गन लावू नका. बोल्टचे आटे गरम होऊन सोलतात, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. दोन्ही बोल्ट आलटून पालटून दोन-दोन वळसे फिरवा. कॉम्प्रेसरचे हुक जिथे तारेला धरतात तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला. कोटिंगवर पडणारे ताजे ओरखडे बहुतेक काढतानाच पडतात, आणि २८ हजार किलोमीटर नीट सांभाळलेल्या स्प्रिंगा शेवटच्या अर्ध्या तासात पंधरा-वीस युरोंनी खाली येतात.

धुताना कोमट पाणी, गाडीचा साधा शॅम्पू आणि मऊ ब्रश एवढंच पुरे. अलॉय साफ करायची काही द्रवं आम्लधर्मी असतात, ती इथे नकोत. उच्च ताकदीच्या पोलादाला आम्ल लागलं की हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. प्रेशर वॉशरही नंबराच्या आसपास नको. नंबर कोटिंगवर नुसता छापलेला असतो, कोरलेला नसतो. आधी त्याचा फोटो काढा, मग पाणी लावा.

"स्वच्छ दिसाव्यात म्हणून रंगवून घेऊ का?" असा प्रश्न यापुढे येतोच. मुळीच नको. ताजा रंग लावलेली जुनी स्प्रिंग पाहिली की जाणकार ग्राहकाला एकच वाटतं: खाली काहीतरी झाकलंय. शिवाय नंबर जातो. पुन्हा पावडर कोटिंग करायचं तर आधी जुनं उतरवावं लागतं, त्यासाठी आम्ल किंवा जाड वाळूचा मारा वापरला तर पृष्ठभागाची वाट लागते. भट्टीचं तापमान दोनशे अंशांच्या वर गेलं तर छर्ऱ्यांच्या माऱ्याने कोंडलेला ताणही सैल पडू लागतो. दोन ओरखडे दिसले तर दिसू द्या.

आता कागद. भारतातून आलेल्या माणसाला हा भाग आधी कटकट वाटतो, पण जर्मनीत भाव इथेच ठरतो. स्प्रिंग बदलली की गाडी मंजूर नमुन्याप्रमाणे राहत नाही. वाहन परवाना नियमावलीच्या कलम १९प्रमाणे ती मंजुरी टिकवायची तर भागासोबत टाइलेगुटआख्टेनसारखा कागद लागतो, आणि बसवल्यावर ट्यूफ, डेक्रा यांसारख्या संस्थेच्या अभियंत्याकडून तपासणी लागते. तो अभियंता गाडीखाली वाकून पहिली गोष्ट करतो ती म्हणजे स्प्रिंगवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहतो. शेवटी व्ही-ए असेल तर पुढच्या आसाची, एच-ए असेल तर मागच्या आसाची. नंबर वाचताच आला नाही तर त्याच्यापुढे ती एक अनोळखी काळी स्प्रिंग असते. तो शिक्का मारणार नाही, आणि ग्राहकाने तुम्हाला दिलेले पैसे वाया जातात.

तुमचा कागद हरवलाय म्हणून घाबरू नका. किटचा नंबर बिलावर किंवा खोक्यावर असेल, नाहीतर स्प्रिंगवरच्या छापावरून काढता येतो. तो टाकला की उत्पादकाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवता येते. ती नव्याने उतरवा, एखाद्याने पाठवलेली जुनी प्रत नको. नव्या आवृत्तीत गाड्यांचे प्रकार वाढवलेले असू शकतात. ती प्रत शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण त्यात नुसती परवानगी नसते, अख्खी जन्मकुंडली असते: तारेची जाडी, एकूण वेटोळी, मोकळी लांबी, बाहेरचा व्यास, कोटिंगचा प्रकार. तुम्ही ओट्यावर मोजलेले आकडे याच तक्त्याशी जुळवायचे. मोकळी लांबी तक्त्याशी जुळली तर "स्प्रिंगा बसलेल्या नाहीत" हे तुम्ही पुराव्यानिशी लिहू शकता.

त्याच कागदात आसावर किती भार चालतो याची मर्यादाही असते. एमएक्स-५ची आरएफ, म्हणजे आपोआप घडी होणाऱ्या कडक टपाची आवृत्ती, कापडी टपाच्या गाडीपेक्षा जड आहे. तुमचा नंबर तिला चालतो की नाही हे अंदाजाने सांगायचं नाही, तक्त्यात बघायचं. फियाट १२४ स्पायडरचंही तसंच. ती हिरोशिमात माझदाच्याच कारखान्यात, याच सांगाड्यावर बनत होती, त्यामुळे तिच्या मालकांकडून विचारणा येईल. कदाचित हाताने बसेलही. पण कागदात १२४चं नाव नसेल तर उत्तर "नाही" असंच द्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. तुमच्या गाडीच्या तपासणीचा जो दाखला मिळाला होता, तो तुमच्या गाडीचा आहे, स्प्रिंगांचा नव्हे. तो ग्राहकाला देऊन त्याचं काम होणार नाही, त्याला स्वतःची तपासणी करावीच लागेल. उलट त्या दाखल्यावर तुमचा चासी नंबर असतो, तो कशाला वाटायचा? आणि बदल तुमच्या फारत्सॉयगशाइनमध्ये, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रात, नोंदवलेला असेल तर कॉइलओव्हरच्या तपासणीच्या वेळी ती नोंदही बदलून घ्या. कागदावर ऐबाखच्या स्प्रिंगा आणि गाडीखाली दुसरंच काही, हे पुढच्या तपासणीत अडवेल.

जाहिरात जर्मनमध्ये लिहा, छोटी लिहा. गाडीचा प्रकार आणि वर्ष, किटचा नंबर, चारही स्प्रिंगांवरचे नंबर, किलोमीटर, हिवाळे, मोकळी लांबी, वजन, मडगार्डपर्यंतची उंची, कागद पीडीएफमध्ये मिळेल. मग दोष. तुमच्या स्प्रिंगांच्या जवळजवळ गुंडाळलेल्या वेटोळ्यांवर कोटिंग घासून पट्टे पडलेले दिसतील. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये ती वेटोळी भार येताच एकमेकींवर टेकतात, त्यासाठीच ती तशी असतात. हे तुम्ही आधी लिहिलंत तर ती माहिती ठरते. ग्राहकाने खोकं उघडल्यावर शोधलं तर ती तक्रार होते. बंपस्टॉप, म्हणजे शॉकच्या दांड्यावरचे ठोकर झेलणारे रबरी तुकडे, कापले असतील तर तेही सांगा. तुमच्याकडचे कापलेले असोत वा नसोत, ग्राहकाला त्याच्या गाडीवर काय करायचंय ते कागदात लिहिलेलं असतं.

फोटो सात-आठ पुरेत. चौघी ओळीत उभ्या, शेजारी मीटरपट्टी. प्रत्येकीचा नंबर जवळून. चारही खालची टोकं, नळी काढून. सोफ्यावर ठेवून काढलेला देखणा फोटो कुणाला नकोय. टोकाचा फोटो नसेल तर अनुभवी माणूस पुढच्या जाहिरातीकडे वळतो.

खाली एक वाक्य हवंच: ही खाजगी विक्री आहे आणि मालातल्या दोषांची कायदेशीर हमी वगळली आहे. जर्मन कायदा खाजगी विक्रेत्याला हे करू देतो. पण या वाक्याच्या आड काहीही लपत नाही. माहीत असलेला दोष दडवला तर नागरी संहितेच्या कलम ४४४प्रमाणे हे वगळणं निरुपयोगी ठरतं. आणि "२८ हजार किलोमीटर, तडा नाही" असं तुम्ही स्वतः लिहिलंत की तो मालाचा ठरलेला गुण झाला, त्याला तुम्ही बांधील. म्हणून जे मोजलं तेच लिहा. "नव्यासारख्या" हा शब्द टाळा. तो कुणी मोजू शकत नाही, भांडू मात्र सगळे शकतात.

वेळेचं म्हणाल तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. जर्मनीत कितीतरी उघड्या गाड्यांना हंगामी नंबरप्लेट असते, त्या मार्च-एप्रिलमध्ये बाहेर निघतात आणि मालकांना त्याआधी बदल उरकायचे असतात. ऑक्टोबरात टाकलेली तीच जाहिरात तीन महिने पडून राहते, मग तुम्ही कंटाळून ७० युरोला देता. फक्त पुढची जोडी मागणारा एखादा भेटेल. त्याला नाही म्हणा. कागद संचाचा आहे, आणि उरलेली मागची जोडी तुमच्या तळघरात म्हातारी होईल.

पैशांत दोन सापळे आहेत. स्वतः येऊन माल नेणारा ग्राहक पेपालवर खरेदी-संरक्षणासह पैसे द्यायला निघाला तर थांबवा. पुढे त्याने "माल मिळालाच नाही" म्हटलं तर तुमच्याकडे पार्सलचा पुरावा नसतो आणि पैसे परत जातात. हातात माल, हातात रोख. दुसरा सापळा म्हणजे जाहिरातीच्या ॲपबाहेर व्हॉट्सॲपवर येऊन "सुरक्षित पेमेंट"ची लिंक पाठवणारा. ती उघडली की कार्डाचा नंबर मागितला जातो. पैसे घ्यायला कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही.

पार्सलमध्ये मात्र घाई नको. स्प्रिंगचं कापलेलं टोक खोक्यातून आरपार निघतं, आणि मग तीनच स्प्रिंगा पोचतात. प्रत्येक टोकावर बागेच्या पाइपचा चिरलेला तुकडा चढवून चिकटपट्टीने बांधा. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या नालीदार पुठ्ठ्यात घट्ट गुंडाळा. नुसता बबल रॅप पोलादाच्या वजनाखाली पहिल्याच आदळण्यात फुटतो. मग केबल टायने दोन-दोनच्या जोड्या करा. खोकं दुहेरी नालीचं, आतली पोकळी चुरगळलेल्या कागदाने गच्च. हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा उघडा. चौघींचं वजन खोक्यासह डीएचएलच्या १० किलोच्या टप्प्यात बसायला हरकत नाही, तरी काट्यावर बघून घ्या. त्या पार्सलवर ५०० युरोपर्यंतची जबाबदारी धरलेली असते, वेगळा विमा नको. कुणी बसवायला सोपं जावं म्हणून कॉम्प्रेसरसह दाबलेली स्प्रिंग मागितली तर पाठवायची नाही. पोस्टातून दाबलेली स्प्रिंग म्हणजे बॉम्बच.

आता त्या दोन सरळ स्प्रिंगा. १४०-६०-००८० ही ऐबाखच्या रेसिंग मालिकेची खूण: मोकळी लांबी १४० मिलिमीटर, आतला व्यास ६०, कडकपणा ८० न्यूटन प्रति मिलिमीटर. जपानी पद्धतीने म्हणायचं तर सुमारे ८.२ किलो प्रति मिलिमीटर, अमेरिकन पद्धतीने ४५७ पाउंड प्रति इंच. जाहिरातीत तिन्ही लिहा, कारण शोधणारे तिन्ही भाषांत शोधतात. इंचातल्या मालावर याच कंपनीची खूण ०७००.२५०.०४५० अशी असते: सात इंच, अडीच इंच, ४५० पाउंड. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर. ६०च्या बैठकीवर ती सैल बसते, एका बाजूला सरकते आणि शॉकच्या नळीला घासते. म्हणून व्यास ठळक लिहा. या स्प्रिंगा कोणत्याच एका गाडीच्या नसतात, योग्य बैठक असेल तिथे जातात, त्यामुळे त्यांचे गिऱ्हाईक जास्त आणि भावही टिकतो. नव्याच्या निम्म्याला सहज जातील. मात्र तुमच्या नव्या कॉइलओव्हरमध्ये त्या घालायचा मोह होईल, तो आवरा. त्या किटचा कागद त्याच्या मूळ स्प्रिंगांसह आहे. स्प्रिंग बदलली की तो लागू राहत नाही, आणि मग कलम २१ची वैयक्तिक मंजुरी, म्हणजे वेगळा खर्च आणि वेगळी डोकेदुखी. फक्त ट्रॅकवर ट्रेलरने नेल्या जाणाऱ्या गाडीला हे बंधन नाही, आणि तुमचं गिऱ्हाईक तिथेच आहे.

पुण्याच्या मित्राला मात्र नाही म्हणून कळवा. एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकलीच गेली नाही, त्यामुळे तिथे या स्प्रिंगांना गाडीच नाही. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात. त्यात स्प्रिंग जवळपास चाकाइतकीच हलते. एनडीच्या डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन आडव्या भुजांच्या रचनेत, ती चाकापेक्षा बरीच कमी हलते. हलण्याचं हे प्रमाण चाकापाशी वर्गात, म्हणजे स्वतःशीच गुणून, लागतं. ०.७ प्रमाण धरलं तर चाकाला स्प्रिंगचा जेमतेम निम्मा कडकपणा जाणवतो. तीच स्प्रिंग स्ट्रटवर चढवली तर हिशोबच बदलतो, मग व्यास जुळवून काय उपयोग? मागे तर पोलोची स्प्रिंग शॉकवर नसतेच, बाजूला स्वतंत्र बसते. आणि भारतात गाडी मूळ नमुन्यापासून बदलण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याची पोलो डगमगत असेल तर त्याने आधी मूळ मापाचे चांगले शॉक अॅब्सॉर्बर आणि वरच्या बैठकीची रबरं बदलून बघावीत.